शेंग ओळखीची, झाड अनोळखी

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तुमच्या ओट्यावर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही चहा टाकायला आत जाता आणि विषय तिथेच बुडतो. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांना वाचता येईल असं. रागवा खुशाल.

फेब्रुवारीत मुळशीच्या या अकरा गुंठ्यांत राहायला आलो, तेव्हा मागच्या बांधाच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीच्या काटक्यांची एक जुडी उभी होती. पान नाही, फूल नाही. बाग आखून द्यायला आलेल्या माणसाने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. "रान आहे हो मॅडम. जेसीबी आलाच आहे तर उपटून टाकू, तिथे पाम छान दिसेल." ते झुडूप वाचलं ते माझ्या निसर्गप्रेमामुळे नाही. कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक मी त्याला बांधलं होतं, आणि दुसरी सोय होईपर्यंत ते राहू दे म्हटलं.

जूनच्या पावसात काटक्या फुटल्या. हातावर घेतलं तर वरून खरखरीत, कडेला दातेरी पान. शेजारचे म्हणाले धामण, त्यांचे जावई म्हणाले फालसा. फोनमधल्या अॅपला मी तीनदा फोटो दाखवला आणि त्याने तीनदा तीन वेगळी नावं सांगितली, तिन्ही वेळा तितक्याच आत्मविश्वासाने. ऑगस्टमध्ये फुलं आली आणि गोंधळ आणखी वाढला. एकाच फांदीवर एक फूल विटकरी लाल, तर शेजारचं शिशासारखं निळसर राखाडी. मला वाटलं दोन झुडपं एकमेकांत गुंतली असणार. भर पावसात, चिखलात बसून मी फांदी हाताने चाचपत बुंध्यापर्यंत गेले. झुडूप एकच होतं.

दूधवाल्याने तुमचं नाव सुचवलं. "रिटायर बाई आहेत, झाडपाल्याचं शिकवायच्या." मी फोन करून फोटो पाठवू का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "फोटो नको. डहाळी आण. आणि आणायच्या आधी चार गोष्टी बघून ये. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? पानाचा तळ सरळ की तिरका? मोडल्यावर चीक येतो? आणि साल तुटते की सुटते?"

खरं सांगते, तेव्हा मला जरा रागच आला होता. नाव विचारलं तर बाई परीक्षाच घेतायत! पण बघितलं. पानं एकाआड एक, तळ तिरका, चीक नाही. डहाळी मोडायला गेले तर ती मोडेचना. लाकूड तुटलं, साल मात्र पट्टीसारखी थेट खालपर्यंत सोलत आली. ती पट्टी बोटाला गुंडाळून ओढली तर बोट काचलं, पण साल तुटली नाही.

तुम्ही ती पट्टी हातात घेतलीत आणि पहिल्यांदा हसलात. "अंबाडी सोललीयेस कधी? भेंडीचं ताट? ही त्यांच्यातलीच." मग भिंग देऊन पानाची खालची बाजू दाखवलीत. मी जिला नुसती लव म्हणत होते, ती भिंगाखाली बारीक चांदण्यांसारखी दिसली. जास्वंद, कापूस, भेंडी आणि हे माझं रान, सगळी एका कुळातली. तरी नाव सांगितलं नाहीत. "पोरी, मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे. फळ धरेपर्यंत थांब." साठी उलटलेल्या बाईला पोरी म्हणणारं कुणी उरलं आहे, हेही त्या दिवशी कळलं.

मधल्या दिवसांसाठी गृहपाठ होताच. एका कळीच्या देठाला लाल दोरा बांधायचा आणि रोज सकाळी बघायचं. उमललं तेव्हा फूल विटकरी होतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ते माझ्या डोळ्यांदेखत विझत गेलं आणि राखाडी झालं. म्हणजे दोन रंगांची फुलं नव्हतीच, ताजं आणि शिळं एवढाच फरक. फुलातून बाहेर आलेला तो लांब वाकडा दांडा मला शोभेचा वाटला होता. तुम्ही सांगितल्यावर बघत बसले. शिंजीर मधासाठी फुलात चोच घालतो तेव्हा त्या दांड्याचं टोक त्याच्या डोक्याला लागतं आणि पराग तिथे चिकटतात. पराग टोकाला, बीजकोशही टोकालाच, म्हणून फळ धरतं तेही फुलाच्या बाहेर, दांड्याच्या शेंड्याला.

आणि सप्टेंबरअखेर त्या दांड्यांच्या शेंड्यांना हिरवे पीळ दिसायला लागले. एकेक बोटाएवढा, पाच पदरांची दोरी वळावी तसा.

बाई, मी बांधावर बसकणच मारली. मुरुडशेंग!

माझ्या दोन्ही मुलांच्या बाळगुटीत ती होती. सहाणेवर आईच्या दुधात एकेक जिन्नस उगाळायचा. वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, हिरडा आणि ही वाकडी काळपट कांडी. सासूबाई वेढे मोजायच्या, पोट मुरडून बाळ रडलं की मुरुडशेंगेचा वेढा वाढायचा. (आताचे डॉक्टर गुटी देऊच नका म्हणतात आणि सून त्यांचं ऐकते. तिचं बरोबर आहे, तो वाद इथे नको.) ती कांडी मी वर्षानुवर्षं काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीत बांधून आणली. तिला पान असेल, फूल असेल, ती कुठल्यातरी बांधावर पावसात भिजत असेल, असा विचार एकदाही मनात आला नाही. माझ्या लेखी ती दुकानातच जन्मलेली.

धावत तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही शेंगदाणे निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "कळलं?" मग शास्त्रीय नाव सांगितलंत, हेलिक्टेरिस आयसोरा. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 सालीच नोंदवलेलं, आणि त्यातला हेलिक्स म्हणजे ग्रीकमध्ये पीळच. म्हणजे त्यानेही माझ्यासारखंच शेंगेवरून ओळखलं म्हणायचं. इथे गावात तिला केवण म्हणतात आणि पूर्वी तिच्या सालीचे दोर वळायचे, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. माझी कपड्यांची दोरी नायलॉनची, आणि ती बांधलेली कशाला, तर दोराच्याच झाडाला!

एक शंका मात्र उरली होती. फेब्रुवारीत झाडावर एकही जुनी शेंग कशी नव्हती? एक जरी दिसती तरी मी तेव्हाच ओळखलं असतं. तुम्ही म्हणालात, "पलीकडच्या वाडीतल्या बायकांना विचार." विचारलं. शेंगा वाळल्या की त्या दरवर्षी खुडून नेतात आणि बाजारात विकतात. तिथूनच त्या पुडीत येत असतील. आम्ही कुंपण घातल्यावर यंदा आत येऊ की नको, असं त्यांना झालं होतं. आता मागचं फाटक दिवसभर उघडं असतं.

परवा त्या येऊन गेल्या. मी पाच शेंगा मागून घेतल्या, त्यातली एक या पत्रासोबत दूधवाल्याकडे देत आहे.

आणि बाई, विहिरीकडच्या बाजूला आणखी एक वेल चढली आहे. पानं समोरासमोर, कडा साध्या, तळ सरळ. मोडल्यावर पांढरा चीक येतो, साल सुटत नाही. फूल अजून नाही. थांबते.

तुमची,
बांधाच्या कोपऱ्यातली