खाऱ्या वाऱ्याची वाट

सॅन फ्रान्सिस्को
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मुद्दाम मोठं अक्षर काढलंय. पानांचे फोटो पाठवते, आईने वाचून दाखवावं. बाबांनी डोळ्याला इतक्यात ताण देऊ नये.

आज सलग चौथ्या रविवारी मी हँग ग्लायडर, म्हणजे माणूस खाली लटकून उडतो तो बिनइंजिनाचा कापडी पंख, न उडवता घरी आले. मागच्या फोनवर आई, तू "त्या कड्यावरून उडी कशाला मारायची" एवढंच म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास. ते मनातून जात नाही, म्हणून नीट लिहिते.

उडी मारायची नसते, आई. या जागेचं नाव फोर्ट फन्स्टन, शहराच्या नैऋत्य कोपऱ्यात. पूर्वी इथे लष्कराच्या तोफा होत्या, आता लोक कुत्री फिरवायला येतात. वाळूचा उभा कडा, साधारण 200 फूट उंच, खाली पॅसिफिक. वसंतात पाकोळ्या त्या वाळूत बिळं करून पिल्लं वाढवतात. कड्याचं तोंड पश्चिमेला. दुपारी आतलं खोरं तापतं, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिच्या जागी आत ओढली जाते. म्हणजे बाबा, तुमचा खारा वारा! इथेही तोच आहे. तो कड्यावर येऊन धडकतो, पुढे वाट नसते, म्हणून वर चढतो. त्या चढत्या हवेत पेलिकन पंख न हलवता मैलभर जातात. सुवर्णदुर्गाच्या तटावर घारी तरंगायच्या ना, तसेच. आम्हीही त्याच हवेत राहतो. वारा नेमका असला की पंख आपणहून खांद्यावरून उचलला जातो, दोन-तीन पावलं टाकली की पाय सुटतात.

माझा हँग ग्लायडर जुना आहे, 1990 च्या दशकातला. बाबा, तुम्ही पाहिलात तर लगेच ओळखाल: मधोमध छोटी डोलकाठी, तिच्यावरून ताणलेल्या तारा, आणि शीड. शिडात वाकवलेल्या अॅल्युमिनियमच्या काड्या सरकवायच्या. प्रत्येक काडीचा बाक कागदावरच्या नकाशाशी लावून बघते, जराही फरक असला तर हाताने वाकवून जुळवते. तारा सगळ्या नव्या घातल्यात. कापड उन्हाने कुजतं, म्हणून सुई टोचून, ताण देऊन तपासून घेतलंय. शिवण मात्र मी आईसारखी तपासते, डोळे मिटून, बोटांनी. बाबांचं शीड मांडीवर घेऊन तू अंधारातसुद्धा सुटलेला टाका शोधायचीस.

आणि आई, हा पंख मुळात घरातल्या कापडाचाच. 1948 मध्ये फ्रान्सिस रोगॅलो नावाचा अभियंता आणि त्याची बायको गर्ट्रूड यांनी असा पहिला मऊ पंख बनवला, तो स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून. शिवला तिने. हे मला कळलं तेव्हा पहिली तुझीच आठवण झाली.

आता वाट का बघावी लागते ते सांगते. ताशी 25 किलोमीटरपेक्षा वारा कमी असला तर उचल पुरत नाही, खाली वाळूवर उतरावं लागतं. ताशी 32 च्या वर गेला की मी पंख बांधून ठेवते. जुना पंख शांत आहे, पण त्याला वेग नाही. जोराच्या वाऱ्यात तो पुढे सरकत नाही, मागे रेटला जातो, आणि कड्याच्या मागे हवा नुसती घुसळते, तिथे ताबा राहत नाही. ही मर्यादा मी माझ्यासाठी घातली आहे, आणि अजून एकदाही मोडलेली नाही. शिवाय वारा सरळ पश्चिमेचा हवा. वायव्येचा आला तर तो कड्याला घासत जातो आणि उचल फाटते.

आज अकरा वाजता पंख जोडून तयार होते. वारा दाखवणारी काठीवरची कापडी पिशवी नुसती लोंबत होती. दोनला वारा आला, जोर अगदी हवा तेवढा, पण वायव्येचा. नव्या, वेगवान पंखांची माणसं गेली. मी पंखाच्या नाकाला धरून बसले. तीनला पाण्यावर पांढरा फेस फुटायला लागला, तेव्हाच कळलं की आता जोर वाढणार. चारला धुकं आलं. मी एकेक काडी काढली, शीड गुंडाळलं, पंचवीस किलोचं ओझं खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आले. वाईट वाटलं. खूप वाटलं, खोटं कशाला सांगू. आठवडाभर कामावर बसून मी याच दुपारची वाट बघते.

पण घरी येताना मला ती पहाट आठवत होती. मी सातवीत असेन. शेजारच्या होड्या गेल्या आणि बाबा, तुम्ही वाळूवरून परत फिरलात. घरात पैसे नव्हते हे मलाही ठाऊक होतं. लोक बोलले. आईने फक्त चहा ठेवला. त्या दिवशी वादळबिदळ काही झालं नाही, होड्या मासळी घेऊन आल्या, आणि तरीही तुम्हाला कोणी विचारलं तेव्हा म्हणालात, "वारा माझ्या होडीचा नव्हता." नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात घालायची नाही, हेही तुम्ही कधी मोडलं नाहीत. मला तेव्हा राग यायचा. आज पंख गुंडाळताना मी तुमचंच वाक्य मनात म्हणत होते.

आई, एक गोष्ट लपवत नाही. जर्मनीत ओटो लिलिएनथाल नावाचा माणूस होता. कुठूनही वारा आला तरी त्याला सामोरं उडता यावं म्हणून त्याने 1894 मध्ये बर्लिनजवळ 15 मीटर उंचीची गोल टेकडीच रचून घेतली. हजारो वेळा उडाला. 1896 च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका डोंगरावरून उडताना हवेच्या झोताने पंख अडला, तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. धोका आहे. मी नाही म्हणणार नाही. म्हणूनच चार रविवार परत आले. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघणं काय असतं ते मी तुझा पदर धरून शिकले आहे. तुला तिथे पुन्हा उभं करताना मला जपावंच लागेल.

पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. उडाले तरी आणि नाही उडाले तरी पाच वाजता फोन करीन, म्हणजे तुमच्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच, चहाच्या वेळेला.

बाबा, तुमची एक खूण मी रोज वापरते. वाऱ्याकडे तोंड करून मान हळूहळू फिरवायची, दोन्ही कानांत सारखा आवाज झाला की नाकासमोरून वारा. पण वायव्येचा वारा पश्चिमेला फिरायच्या आधी पाण्याचा रंग बदलतो, असं तुम्ही म्हणायचात. कुठला रंग, ते मी तेव्हा विचारलंच नाही. फोनवर तेवढं सांगा.

तुमची
बाय