खुले पत्र: ग्रंथालयातल्या मोफत कार्यक्रमांचं बिल कोणी भरायचं?

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
सार्वजनिक ग्रंथालये

सविनय नमस्कार.

पत्रावर आपलं नाव घातलेलं नाही, कारण ग्रंथालयांचं खातं सहसा कोणी मागून घेत नाही. ते शिक्षणाला नाहीतर संस्कृतीला जोडून येतं, आणि मंत्री बदलले तरी फाइल जागची हलत नाही. तेव्हा आज ही फाइल ज्यांच्या टेबलावर असेल त्यांनी पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

विषय सार्वजनिक ग्रंथालयांतल्या मोफत कार्यक्रमांचा. गोष्टींचा तास, काव्यवाचन, एकपात्री प्रयोग, छोटी मैफल, बाहुल्यांचा खेळ, व्याख्यान, माहितीपट. असे कार्यक्रम झाले की वरून कौतुक होतं आणि वार्षिक अहवालात फोटो छापले जातात. कौतुकाबद्दल तक्रार नाही, हिशोबाबद्दल आहे. यातले बरेच कार्यक्रम मोफत होऊ शकतात ते दोन माणसं स्वतःच्या पदरचं घालतात म्हणून. एक ग्रंथपाल, दुसरा कलावंत.

संध्याकाळी सहाला एकपात्री प्रयोग असेल तर चारपासून काय चालतं ते बघा. वाचनकक्षातली टेबलं भिंतीला लावायची आहेत, पण एक गृहस्थ अजून वर्तमानपत्र वाचतायत, त्यांना उठा कसं म्हणायचं? खुर्च्या कमी पडतात म्हणून बालविभागातून आणायच्या. त्या बुटक्या, त्यामुळे मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसणार. माइक शेजारच्या शाळेतून उसना. त्याची वायर पुरत नाही, मग एक्स्टेन्शन बोर्ड, आणि कोणी अडखळू नये म्हणून ती वायर ग्रंथपालबाई स्वतः ओणव्या होऊन चिकटपट्टीने फरशीला डकवणार. शिपायाची सुटी साडेपाचला होते. तो थांबला तर त्याचे उपकार. नटाला मानधनाच्या जागी एक पुस्तक आणि प्रमाणपत्र. प्रयोग रंगतो, लोक जाताना म्हणतात, असं दर महिन्याला व्हायला हवं. दर महिन्याला टेबलं कोण सरकवणार हे मात्र कोणी विचारत नाही.

ही ग्रंथपालांची हौस नाही, त्यांचं काम आहे. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ मध्ये काढला. इफ्ला या ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाबरोबर तो १९९४ मध्ये नव्याने मांडला, तेव्हा ग्रंथालयाच्या कामांच्या यादीत सर्व प्रयोगकलांपर्यंत लोकांना पोचू देणं हेही घातलं. ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावं, असंही त्यातच आहे. आपल्याकडे ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम शिकताना ‘विस्तार सेवा’ नावाखाली हाच भाग शिकवतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. नोकरीला लागल्यावर त्यासाठी ना वेळ मिळतो ना पैसा, तेवढं शिकवायचं राहून जातं.

मोफत म्हणजे येणाऱ्याला मोफत. त्याच्या मागचा खर्च कोणीतरी देतच असतो, आणि ज्यांना हे कळलं होतं त्यांनी तशी तजवीज केली. अमेरिकन उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं उभी राहिली, आणि त्यांतल्या कित्येक इमारतींच्या तळघरात व्याख्यानासाठी दालन होतं. पण कार्नेगीची अट पक्की असे: जागा गावाने द्यायची, आणि मी दिलेल्या रकमेच्या दहा टक्के गावाने दरवर्षी ग्रंथालय चालवण्यावर खर्च करायचे. पोलादाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला इमारत उभी करणं आणि ती चालती ठेवणं यातला फरक ठाऊक होता. आपल्याकडच्या उद्‌घाटनांत तो फरक दिसत नाही. दालन बांधून होतं, फीत कापली जाते, आणि पुढच्या वर्षी त्यात जुन्या मासिकांचे गठ्ठे.

दुसरं उदाहरण वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं. ते राष्ट्रीय ग्रंथालय, त्याची ऐपत आपल्या तालुक्याच्या वाचनालयाशी ताडून बघायची नाही. तिथली व्यवस्था मात्र बघण्यासारखी आहे. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या बाईंच्या पैशातून १९२५ मध्ये तिथे सभागृह उभं राहिलं, आणि नुसतं सभागृह देऊन त्या थांबल्या नाहीत. मैफली व्हाव्यात आणि संगीतकारांकडून नवं काम करवून घेता यावं म्हणून त्यांनी कायमचा निधीही ठेवला. अ‍ॅरन कोपलंडचं संगीत आणि मार्था ग्रॅहमचं नृत्य असलेल्या ‘अ‍ॅपलॅचियन स्प्रिंग’ या ज्या बॅलेचं नाव आज जगभर घेतलं जातं, त्याचा पहिला प्रयोग ३० ऑक्टोबर १९४४ रोजी त्या ग्रंथालयातच झाला. आज तिथल्या मैफली ऐकायला पैसे पडत नाहीत, आणि वाजवणाऱ्याला प्रमाणपत्रावर बोळवत नाहीत.

इतकं मोठं नको असेल तर पुरा बेलप्रे यांच्याकडे बघा. प्वेर्तो रिकोहून आलेल्या या बाई १९२१ मध्ये न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत लागल्या. वस्तीतल्या मुलांची घरची भाषा स्पॅनिश, ग्रंथालयाची इंग्रजी. बेलप्रेंनी दोन्ही भाषांत गोष्टी सांगायला सुरुवात केली, स्वतः बाहुल्या करून त्यांचे खेळ केले. ज्या आयांना वाटायचं की ही जागा आपल्यासाठी नाही, त्यांची मुलं तिथे जाऊन बसू लागली. त्या नोकरीत होत्या, आणि गोष्ट सांगणं हा त्या नोकरीचाच भाग होता.

आणि हे सगळं परदेशातलं आहे असं म्हणू नका. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. तिच्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्रं पाडणाऱ्या दिव्याच्या, काचा आणि चित्रपट घेऊन तिची माणसं गावोगाव जात आणि खेळ फुकट दाखवत. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांचाही ग्रंथालयावर हक्क आहे, हे मान्य करून केलेली ती खर्चाची तरतूद होती.

आता तिकिटाचं. आपल्या खात्यातून अधूनमधून सूचना येते की नाममात्र शुल्क लावा, फुकटची किंमत राहत नाही. हे ऐकायला व्यवहारी वाटतं. पण तीन मुलांना घेऊन आलेल्या आईला चार तिकिटं नाममात्र नसतात. शिवाय शुल्क आलं की पावतीपुस्तक आलं, रोकड आली, लेखापरीक्षण आलं, आणि वर्षाअखेर जमलेली रक्कम ती सांभाळण्याच्या खर्चालाही पुरत नाही. यापेक्षा मोठं नुकसान निराळंच आहे. नाट्यगृहात जाणारा ठरवून जातो. ग्रंथालयातला प्रेक्षक पुष्कळदा न ठरवता आलेला असतो. पुस्तक परत करायला आला, आतून तंबोरा जुळवल्याचा आवाज आला, दारात रेंगाळला, मग मागच्या खुर्चीवर टेकला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी पाय मोकळे करायला उठली आणि कविता ऐकत थांबली. या माणसांनी आयुष्यात मैफलीचं तिकीट काढलं नसतं. दारात तिकीटवाला बसवला की हा प्रेक्षक पहिला गळतो, आणि उरतात ते, जे कुठेही गेले असते.

नावनोंदणीचंही तसंच. ऑनलाइन नोंदणीत जागा दोन दिवसांत भरतात, आणि कार्यक्रमाच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, कारण फुकटची नोंदणी मोडायला काही लागत नाही. निम्म्या जागा तरी दारात येईल त्याच्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. याला शासन निर्णयही लागू नये.

‘मग वाचणाऱ्यांनी काय करायचं?’ असं विचारणारे आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याच्या घरात एक खोली आणि सहा माणसं, त्याला ग्रंथालयातली शांतता ही चैन नाही. पलीकडे ढोलकी वाजत असताना गणित सुटत नाही. याला उपाय म्हणजे बंद होणारं दार, आवाज अडवणारी भिंत आणि महिनाभर आधी लावलेलं वेळापत्रक. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागतात. तिसरीला लागत नाहीत, तरी ती बहुतेक ठिकाणी दिसत नाही.

कार्यक्रमांमुळे वाचक वाढतात का, हाही प्रश्न फाइलवर येत असेल. याचं छातीठोक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काहीजण पुस्तक घेतील, बरेच घेणार नाहीत. ज्यांना घ्यायचं आहे त्यांना निदान घेता यावं. विज्ञानावरचं व्याख्यान आठला संपतं आणि देवघेवीची खिडकी सातलाच बंद झालेली असते. त्या विषयाची पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर मांडली आणि खिडकी अर्धा तास जास्त उघडी ठेवली, तर पुस्तकं जातात. मात्र त्या अर्ध्या तासाचा पगार कोणीतरी द्यायला हवा. म्हणजे आपण परत आपल्या टेबलाशी आलो.

मागण्या फार नाहीत. ग्रंथालयांच्या अनुदानात कार्यक्रमांसाठी वेगळं लेखाशीर्ष हवं, ज्यातले पैसे रॅक आणि पंख्यांकडे वळवता येणार नाहीत. कलावंताचं मानधन त्यातून द्यायचं, आणि ते किमान किती असावं हे खात्याने ठरवायचं. नाहीतर ‘तुम्हाला व्यासपीठ मिळतंय ना’ हे ऐकून घेण्याची पाळी त्यांच्यावर येत राहील. संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबलेल्या कर्मचाऱ्याला त्या तासांचा मोबदला किंवा बदली सुटी, आणि ती कागदावर.

आणखी एक गोष्ट खात्याशिवाय कोणाला जमणार नाही. तिकीट नसलं तरी चित्रपट जाहीरपणे दाखवायला बहुतेक देशांत हक्कधारकाची परवानगी लागते. कुठे काय सूट आहे हे एकट्या ग्रंथपालाने कसं शोधायचं? घाबरून ते कार्यक्रमच टाळतात, किंवा न घाबरता परवानगीशिवाय करतात. दोन्ही वाईट. खात्याने सगळ्या ग्रंथालयांसाठी मिळून एकच परवाना घेतला तर स्वस्तही पडेल.

मोजणीबद्दल स्पष्ट बोलतो. ‘उपस्थिती किती?’ एवढाच रकाना ठेवलात तर वर्षभर जादूचे प्रयोग होतील. कर्णबधिर मुलांसाठी खुणांच्या भाषेतला गोष्टींचा तास असेल तर आठ-दहाच मुलं येतील, आणि तो बंद करावा असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. रकाना ठेवा, पण त्याच्या शेजारी आणखी एक ठेवा: यांतले पहिल्यांदाच ग्रंथालयात आलेले किती? तो आकडा दारातच हात वर करायला सांगून मिळतो.

एक नाजूक मुद्दा राहिला. व्यासपीठ मोफत मिळतंय म्हटल्यावर ते मागायला सगळेच येतात: पक्षाची माणसं, विमा विकणारे, स्वतःचाच सत्कार करून घेणारे. कोणाला हो आणि कोणाला नाही हे ग्रंथपालाने लेखी नियमावर ठरवावं, आणि नाही म्हटल्यावर त्याला वरून फोन येऊ नये. तो फोन कुठून येतो हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

आपल्याला एखाद्या कार्यक्रमाचं निमंत्रण गेलं तर जरूर यावं. भाषण नसलं तरी चालेल. आलात तर कार्यक्रमानंतर दहा मिनिटं थांबा आणि खुर्च्या कोण उचलतंय ते बघा. पुढच्या अर्थसंकल्पाच्या मागण्या आपल्या खात्याकडून जाण्याआधी ते लेखाशीर्ष त्यात आलंय की नाही, एवढं कळवलंत तर आभारी राहीन.

आपला नम्र,
एक सभासद