पेसमेकर म्हणजे केवळ ठोके वाढवणारे यंत्र नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील हृदयविकारावरील लेखात ‘पेसमेकर मंदावलेल्या हृदयाचे ठोके वाढवतो’ असे सरसकट विधान आहे. मंद नाडीच्या रुग्णापुरते ते बरोबर आहे. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त फेकण्याची ताकद कमी झालेल्या, रुग्णाला बसवल्या जाणाऱ्या तीन तारांच्या पेसमेकरबाबत मात्र ते दिशाभूल करणारे आहे. माझ्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी असाच पेसमेकर बसवला, तेव्हा त्यांची नाडी मंद नव्हतीच, उलट बसल्या जागी शंभरच्या घरात होती.

गिरगावातल्या आमच्या चाळीचे दोन जिने चढताना ते प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभे राहत, रात्री तीन उशा लावून बसून झोपत आणि तळहात गार, घामेजलेले असत. हा घाम अशक्तपणाचा, असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात हृदय कमी रक्त फेकू लागले की शरीर त्याचा अर्थ संकट असा लावते आणि संकटकाळी शरीराला सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था नॉरॲड्रेनॅलिन हे उत्तेजक रसायन सोडून थकलेल्या हृदयाला आणखी पिटाळत राहते. १९८४ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जे कोन आणि सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या १०६ रुग्णांच्या रक्तातील नॉरॲड्रेनॅलिन मोजले, तेव्हा ज्यांच्यात ते अधिक, त्यांचे आयुष्य कमी, असे दिसले.

यजमानांच्या ईसीजीच्या गुलाबी पट्टीवर खालच्या कप्प्यांची लाट चार बारीक चौकोन रुंद होती, म्हणजे १६० मिलिसेकंद. निरोगी माणसात ती तीन चौकोनांच्या आतच राहते. डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत उशिरा आकुंचन पावत होती. पेसमेकरची तिसरी तार त्या भिंतीपाशी नेऊन दोन्ही बाजू एकाच वेळी आवळल्या की तेच हृदय जास्त रक्त फेकते, मानेतल्या व महाधमनीतल्या दाबमापक चेतातंतूंकडून मेंदूला ‘ठीक आहे’ असा निरोप जातो आणि सिंपथेटिकचा जोर ओसरतो. गुडघ्याखालच्या मज्जातंतूत केसासारखी सुई सरकवून सिंपथेटिक चेतातंतूंमधली ही संदेशांची धडधड मोजता येते. ज्यांना या उपचाराचा गुण येतो त्यांच्यात ती कमी होते, ज्यांना येत नाही त्यांच्यात होत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित गुण येत नाही, हेही लेखात यायला हवे होते.

नुसते ठोके वाढवून काय होते, तेही तपासून झाले आहे. २००२ च्या ‘डेव्हिड’ चाचणीत ५०६ रुग्णांपैकी ज्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन्ही कप्प्यांना मिनिटाला ७० ठोक्यांनी चालवले, त्यांची अवस्था यंत्र ४० वर नुसते राखीव ठेवलेल्यांपेक्षा वाईट झाली. याउलट २००५ च्या ‘केअर-एचएफ’ चाचणीमध्ये, निवडक ८१३ रुग्णांत, तीन तारांच्या उपचाराने मृत्यू घटले.

मला हे लिहावेसे वाटले ते एका चुकीमुळे, आणि ती आमची स्वतःची. मशीन बसले, आता नाडी मंद करणारी बीटा ब्लॉकरची गोळी कशाला, या समजुतीने यजमानांनी ती परस्पर बंद केली आणि आठवड्याभरात पुन्हा उशांची संख्या तीनवर गेली. ती गोळी त्याच सिंपथेटिकला आवर घालते, हे रुग्णालयातून घरी सोडताना आम्हाला कुणी सांगितले नव्हते. पुरवणीच्या पुढच्या अंकात या गोळीविषयी चार ओळी छापाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, गिरगाव, मुंबई