ऋतास, मस्टँगच्या सायलेन्सरबद्दल

चिंचवड,
रविवार

चि. ऋतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या फोर्ड मस्टँगचा एक्झॉस्ट बदलायची तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं वाचली. बाबा म्हणाले, "सरळ नको म्हण, विषय संपेल." मी तसं म्हणणार नाही. जिची सगळी नोकरी भोसरीला सायलेन्सर तपासण्यात गेली, तिनेच मुलीला सायलेन्सरला हात लावू नकोस म्हणावं, हे काही शोभत नाही. पण त्या सर्वांत महागड्या कोटेशनात तीन वेगळी कामं (इंजिनाला लागूनच्या नळ्या म्हणजे हेडर, मागचा पाइप आणि इंजिनाच्या सॉफ्टवेअरची ट्यून) एका गाठोड्यात बांधली आहेत, आणि त्यातलं एकच तुझ्या उपयोगाचं आहे.

आधी मला सांग, तुला आवाज हवाय की ताकद? "दोन्ही" हे उत्तर दुकानदाराला फार आवडतं. तुझी २०१८ ची जीटी कंपनीतूनच ४६० अश्वशक्ती घेऊन आली आहे. कॅटकॉनच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा भाग, ज्याला तिकडे कॅट-बॅक म्हणतात, तेवढाच बदललास तर त्यात फार तर पाच-दहाची भर पडेल. सकाळच्या गारव्यात एक रीडिंग घेतलं आणि दुपारी इंजिन तापल्यावर दुसरं, तर तेवढा फरक नुसत्या हवेने पडतो. म्हणून जाहिरातीतल्या "पर्यंत" या शब्दावर जाऊ नकोस. त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), त्याच दिवशी काढलेले आधीचे आणि नंतरचे ग्राफ माग. देत नसतील तर समजून जा.

खरी ताकद पुढे हेडरमध्ये आहे, हे त्या दुकानवाल्याचं म्हणणं खोटं नाही. लांब नळ्यांच्या हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या धुराला स्वतःची वाट मिळते. एक झोत बाहेर पडला की त्याच्यामागे दाब कमी होतो, आणि ती कमी दाबाची लाट नेमक्या वेळी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते. ("इंजिनाला बॅकप्रेशर, म्हणजे धुराला मागून अडवणारा दाब, लागतंच" असं कोणी सांगितलं तर मान डोलाव आणि विषय बदल. लागतो तो धुराचा वेग. म्हणूनच भोक नुसतं मोठं केलं की खालच्या आरपीएमला ओढ कमी होते.) अडचण अशी की तुझ्या गाडीत कॅटकॉन अगदी इंजिनाजवळ आहे. लांब हेडर घातला की तो मागे सरकतो किंवा काढूनच टाकतात. मागे सरकला तरी सकाळच्या थंड स्टार्टला तो उशिरा तापतो, आणि तापल्याशिवाय काम करत नाही.

कॅटकॉन काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच बसत नाही. शिवाय तू कॅलिफोर्नियात आहेस. तिथे कॅटकॉनच्या आसपास काहीही बदलायचं तर त्या भागाला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. काढलास की पी०४२० आणि पी०४३० हे बिघाडाचे कोड येणार, डॅशबोर्डवरचा दिवा लागणार. दुकानवाला म्हणेल, "ट्यूनमध्ये बंद करून देतो." पण तिथल्या स्मॉग चेकमध्ये, म्हणजे धुराच्या तपासणीत, २०२१ पासून गाडीचं सॉफ्टवेअर मुळातलंच आहे का, तेही तपासतात. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी कॅट काढलेल्या गाडीमागे पाच मिनिटं उभी राहून बघ. घरी गेल्यावर ओढणी धुवावी लागेल.

म्हणजे राहिला आवाज. माझ्या मते तुला हवाय तोही आवाजच, ताकद हे निमित्त. त्यात वाईट काय? मग आवाजच नीट पारखून घे.

तुझ्या व्ही८ ची गुरगुर सायलेन्सरमध्ये तयार होत नाही, ती इंजिनातूनच येते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, आहे १-५-४-८-६-३-७-२. एक ते चार उजव्या बाजूला, पाच ते आठ डाव्या. कागदावर लिहून काढ. आठही सिलिंडर मिळून दर ९० अंशांनी एक ठोका पडतो, सगळं समान. पण एकट्या डाव्या बाजूचे ठोके १८०, ९०, १८०, २७० अशा अंतराने पडतात. दोन ठोके लगोलग, थोडं थांबून एक, मग मोठा खंड, पुन्हा ठोका. तबलजी लय चुकवल्यासारखं दाखवून बरोबर समेवर येतो ना, तसंच. दोन बाजूंचे पाइप मध्ये कसे जोडलेत, त्यावर ही लय किती टिकते ते ठरतं. एच-पाइप दोघांना फक्त एका आडव्या नळीने जोडतो, म्हणून ती खडबडीत गुरगुर बरीचशी शाबूत राहते. एक्स-पाइपमध्ये दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळतात. आवाज गुळगुळीत होतो, वरच्या पट्टीत जातो. तू मला ज्या गाडीचा व्हिडिओ पाठवलास तिचा एच असणार, आणि कोटेशन घेतलंस एक्सचं! फोन करून विचार.

आता ड्रोन, म्हणजे केबिनमध्ये सतत घुमणारा आवाज. दुकानात उभ्या गाडीचा आवाज ऐकून पैसे देणारे सगळे इथेच फसतात. हायवेला वरच्या गिअरमध्ये इंजिन १,८०० च्या आसपास फिरत असलं तर सेकंदाला ३० फेरे, फेऱ्याला चार ठोके, म्हणजे १२० हर्ट्झ. नेमका तोच सूर केबिनच्या पोकळीला मानवला की डोक्यात घुमतं. सॅन होजेहून लॉस एंजेलिसला पोचेपर्यंत तू रेडिओसुद्धा लावणार नाहीस. त्यावर इलाज म्हणजे पाइपला काढलेली एक बंद फांदी. आवाज तिच्यात शिरतो, टोकाला आपटून परत येतो आणि मूळ लाटेच्या बरोबर उलटा पडून तिला मारतो. धूर ३०० अंश सेल्सिअसला असेल तर त्यात ध्वनी सेकंदाला साधारण ४८० मीटर धावतो, म्हणून १२० हर्ट्झसाठी ही फांदी साधारण एक मीटर हवी. हाताएवढा तुकडा लावून "ड्रोन गेला" म्हणणाऱ्याला लांबी विचार. आम्ही टेस्टला हे पाइप कापून कापून जुळवायचो. चार सेंटिमीटर कापले तरी सूर हलतो.

तुझ्या गाडीत झडपांनी आवाज कमीजास्त करणारा ॲक्टिव्ह एक्झॉस्ट आहे, हे विसरू नकोस. झडपा आणि त्यांच्या मोटरी कायम राहतील असाच किट घे, नाहीतर क्वाएट मोड गेला. तो मोड आला त्याची गोष्ट मजेची आहे. फोर्डच्याच एका बड्या इंजिनिअरने शेल्बी जीटी३५० (मस्टँगचंच एक दणदणीत मॉडेल) घरातून बाहेर काढली आणि शेजाऱ्याने पोलिसांना बोलावलं. कंपनीत त्या मोडला आधी "गुड नेबर मोड" म्हणायचे. फोर्डच्या सांगण्याप्रमाणे त्याने आवाज साधारण १० डेसिबल खाली येतो, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा. तू अपार्टमेंटमध्ये राहतेस आणि सहाला निघतेस. कॅलिफोर्नियात कारला मर्यादा ९५ डेसिबलची आहे. पुण्यात पोलीस बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवतात. तुमच्याकडे नुसता दंड होतो, पण तो डॉलरमध्ये.

धातूचं काय, ते दुकानात जाऊन बघ. फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात ठेव. ३०४ स्टेनलेसला ते चिकटत नाही, ४०९ ला चिकटतं. ४०९ वाईट नाही, कंपन्याही वापरतात, पण वरून तांबूस पडतं. ३०४ चे पैसे घेऊन ४०९ देऊ नये, एवढंच. बेंडला आतल्या अंगाला सुरकुत्या असतील किंवा पाइप चपटा झाला असेल तर तो किट नको. जोडाच्या आत बोट घालून वेल्ड चाचपून बघ, काळं खरखरीत कवच लागलं तर मागून आर्गॉन वायू न सोडताच वेल्ड मारलाय.

तर तो हेडर आणि ट्यून कोटेशनातून काढायला सांग. कॅट-बॅक, एच-पाइप, झडपा शाबूत, ३०४, एवढ्याचाच भाव माग. भाव कमी झाला नाही तर दुसऱ्या नंबरवाल्याकडे जा. त्याने निदान ड्रोनचा विषय स्वतःहून काढला होता.

बाबा बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात आणि रोज तळजाईला जातात.

तुझी,
आई

ता. क. काढलेला जुना एक्झॉस्ट दुकानात सोडून येऊ नकोस. गाडी विकताना गिऱ्हाईक मूळचाच मागतं. आणि नवा बसवल्यावर फोन मागच्या सीटवर ठेवून १,५०० ते २,५०० पर्यंत हळूहळू चढवत रेकॉर्ड कर. खिडक्या बंद हव्यात. फाइल मला मेलवर पाठव, व्हॉट्सॲपवर नको, तिथे आवाज दाबला जाऊ शकतो.