जुनी नोंद शोधताना आजची कौंटी धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाउमध्ये बरीच मराठी कुटुंबे राहतात. तिथला स्थानिक इतिहास शोधायचा तर स्लाउ आज बर्कशायर कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे म्हणून माणूस साहजिकच रेडिंगचे, म्हणजे बर्कशायरचे, अभिलेखागार गाठतो. पण ३१ मार्च १९७४ पर्यंत स्लाउ बकिंगहॅमशायरमध्ये होते, आणि खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल जिथे पुरला आहे त्या अप्टन-कम-चाल्वी पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) जुनी दप्तरे बकिंगहॅमशायरच्या अभिलेखागारात, एल्सबरीला आहेत. उलट ॲबिंग्डन आणि वॉन्टेज ही गावे तेव्हाच बर्कशायरमधून ऑक्सफर्डशायरमध्ये गेली, तरी त्यांच्या जुन्या चर्चवह्या रेडिंगलाच राहिल्या. म्हणून आधी जुनी कौंटी, मग पॅरिश आणि त्यानंतरच आडनाव, या क्रमाने शोधावे.

आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवण्याचा हुकूम काढला. १५९८ मध्ये या नोंदी चर्मपत्रावर उतरवायला सांगितले, तेव्हा अनेक पाद्र्यांनी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच, म्हणजे १५५८ पासून, सुरुवात केली. त्यामुळे आधीची वीस वर्षे पुष्कळ गावांत मिळत नाहीत. मूळ वहीचे पान ओलीने गेले असेल, तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल पाहावी. १ ऑक्टोबर १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि गरिबांना तो माफ होता. या काळात नावापुढे ‘पी’ दिसला, तर तो बहुधा या माफीचा (‘पॉपर’, म्हणजे कंगाल). १८१३ पासून छापील रकान्यांत बापाचा धंदाही लिहू लागले.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते गरीब-कायद्याचे, म्हणजे पॅरिशने आपल्या गरिबांना पोसण्याच्या व्यवस्थेचे, कागद, कारण ज्यांच्याकडे जमीन नव्हती ती माणसे फक्त त्यांतच बोलतात. १६६२ च्या कायद्याने वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत येऊन राहिलेल्या माणसाला, तो पॅरिशवर बोजा होईल असे वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून मूळ पॅरिशला धाडता येई. पुढे अविवाहित गड्याने पूर्ण वर्ष चाकरी केली की त्याला त्या पॅरिशमध्ये राहण्याचा आणि मदतीचा हक्क मिळू लागला. म्हणून अनेक शेतकरी वर्षाला काही दिवस कमी ठेवूनच करार करत. अशा माणसाची न्यायाधीशांपुढची जबानी सापडली, तर जन्मगाव, मालकांची नावे आणि मजुरी एकाच कागदावर मिळते.

मुंबई इलाख्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांवरील लेखांत दोन चुका वारंवार दिसतात. चर्चवहीतली तारीख सहसा बाप्तिस्म्याची असते आणि ती जन्मतारीख म्हणून छापली जाते. जन्म काही आठवडे, कधी काही वर्षेही आधीचा असू शकतो. दुसरी चूक वर्षाची. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून वहीतली १० फेब्रुवारी १७२० ही आपल्या गणनेने १७२१ ची. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेदही तेव्हाच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ चा आहे, आपण तो १६४९ चा मानतो.

तेव्हा अशा तारखा छापताना ‘१७२०/२१’ असे दुहेरी वर्ष, ‘बाप्तिस्मा’ हा स्पष्ट उल्लेख आणि पॅरिशसह तेव्हाची कौंटी द्यावी, ही विनंती. पुढच्या शोधकाला मग योग्य अभिलेखागारात थेट जाता येईल.

आपला,
एक वाचक