नको वाटलं तर गाऊ नकोस

प्रिय चिऊ,
सप्रेम सलाम.

बाळ गेल्यापासून फोनवर तू "मी बरी आहे" म्हणतेस आणि मग आपण दोघी सिलिंडरच्या भावावर बोलत बसतो. म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्याकडे सांत्वनाला आलेल्या बायका काय काय बोलून गेल्या ते कळलं. देवाची इच्छा. देवाला कळ्याच जास्त आवडतात. अजून वय आहे, पुन्हा होईल. त्यांचा राग धरू नकोस असं मी म्हणणार नाही, धर थोडा. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि घोटाळा झाला. ईयोबाने देवाला काय काय सुनावलं, देवानेही त्याला उलट सुनावलं. पण निवाडा करताना माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, असं देव म्हणाला. देवाची बाजू घेऊन भांडणाऱ्या मित्रांवर मात्र तो रागावला.

चर्चमध्ये गायला तोंड उघडत नाही म्हणालीस. नको गाऊस. बायबलमधली स्तोत्रसंहिता काढ. दीडशे स्तोत्रांत कितीतरी निव्वळ तक्रारी आहेत. बहुतेक तक्रारी शेवटाला स्तुतीकडे वळतात, पण 88वं वळत नाही. ते काळोखातच संपतं. आपल्या पाळकांना ते रविवारी वाचताना मी कधी ऐकलं नाही. तरी ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही, आणि माझा जीव ज्या दिवसांत थाऱ्यावर नव्हता त्या दिवसांत मला त्याचाच आधार वाटला. वधस्तंभावर प्रभू येशू "माझा त्याग का केलास" म्हणाला, ती 22व्या स्तोत्राची पहिलीच ओळ. आणि आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना तो रडला. थोड्याच वेळात त्याला मेलेल्यातून उठवणार होता, तरीही. लाजराच्या बहिणीला, मरीयेला, "रडू नकोस" म्हणाला नाही.

तू लहान असताना पंडिता रमाबाईंची गोष्ट मी तुला सांगायचे. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा. एकच लेक, मनोरमा. तीही 1921 मध्ये गेली. पुढच्या वर्षी बाई स्वतः गेल्या, पण बायबलचं मराठी भाषांतर पुरं करून. त्यांना सगळे खंबीर म्हणतात. मला वाटतं, रात्री उशी भिजतच असणार. सकाळी त्या कामाला बसत, एवढंच.

शेजारच्या काकू म्हणतात, तिला बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला ने, नवसाचं मेणाचं बाळ वाहा. आपण प्रोटेस्टंट, आपल्यात ते नाही, आणि बाबा तर ऐकूनच वैतागले. पण सप्टेंबरात त्या जत्रेला हिंदू, मुसलमान सगळे चढून जातात. तुला जावंसं वाटलं तर मी येईन बांद्र्याला. नवस वगैरे नको, नुसतं बसू.

घरात उपासना सुरू ठेव असाही आग्रह नाही. दोन ओळी वाचून पुस्तक मिटलंस तरी चालेल. आम्ही भायखळ्याला रोज रात्री तुम्हा दोघांचं नाव घेतो. तुला जमत नाही तोवर ते काम आमच्याकडे.

आणि हो, जावईबापूंना विचार ते कसे आहेत. आलेल्या प्रत्येकाने त्यांना "तिला सांभाळा" सांगितलं. बाळ त्यांचंही होतं. शनिवारी बाबा सुकटीची चटणी घेऊन येतील, त्यांना आवडते ती.

तुझी
आई