आजी, त्या एका फुंकरीसाठी

आजी, नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवानं मोठ्यानं वाचून दाखवावं. मध्येच तुम्ही "आसं नसतं ते" म्हणालात तर त्यानं ते समासात लिहून ठेवावं. कादंबरी अजून छापायला गेलेली नाही, जागा आहे.

चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की आमच्या कादंबरीतली शेती सुधारून दिलीत त्याचे तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा घ्या" म्हणता आणि विषय तिथंच संपतो.

वाचणाऱ्या इतरांसाठी कादंबरी थोडक्यात सांगतो. १९१६ साली इगतपुरीकडचं दारणा धरण पुरं झालं. कादंबरीतल्या कुटुंबाची भातखाचरं त्या पाण्याखाली गेलेली. नवरा, बायको, म्हातारी सासू आणि धाकटा दीर. मिळालेल्या पैशात ते सिन्नरच्या पूर्वेला सात एकर माळ घेतात. बैलगाडीनं थोड्याच मुक्कामांचं अंतर, पण पावसाच्या हिशेबानं दुसरा मुलूख. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथं त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी लोक खूश. वीतभर माती, खाली मुरूम. माणसं शेतीत मुरलेली, पण भाताच्या शेतीत. गाव त्यांना हाकलत नाही, छळत नाही, नुसतं बघत राहतं. कादंबरी भीतीची आहे आणि तिच्यात भूत एकही नाही. निदान आता नाही.

पहिल्या खर्ड्यात होतं. पेरणीनंतर पाचव्या दिवशी बाजरी उगवते आणि प्रत्येक तिसरं तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामं निघतं. सासू म्हणते, रात्री कुणीतरी दाणे वेचून नेले. प्रकरण तिथं संपायचं. वाचताना अंगावर काटा यायचा हे खरं, पण आम्हांला स्वतःलाच ते पटत नव्हतं.

हा खर्डा तुमच्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी फिरून आला होता. एका जाणकारांकडे तो चार महिने पडून होता. परत आला तेव्हा पहिल्या पानावर कपाचा गोल डाग आणि शेवटच्या पानावर 'वातावरणनिर्मिती उत्तम' एवढाच शेरा. दुसऱ्यांनी सल्ला दिला की गूढ उकलू नका, मजा जाते. तिसऱ्यांनी सगळीकडे 'रिकामं तास' खोडून 'रिकामा तास' करून दिलं, जणू शाळेत बाई आल्या नाहीत म्हणून मिळालेला. त्याच शेतात बी पेरायच्या पाभरीला त्यांनी दोनदा नांगर म्हटलं. तिघेही नावाजलेले, तिघांच्याही घरी एक पिढी मागं शेती. विहिरीचं पाणी उपसणाऱ्या कातडी मोटेचे बैल आम्ही घाण्याच्या बैलासारखे गोल फिरवले होते, तेही तिघांच्या नजरेतून सुटलं.

तुमच्या नजरेतून ते सुटलं नाही. नाशिकच्या सिडकोतल्या त्या गॅलरीत नातवानं दीड पान वाचलं असेल-नसेल, तुम्ही हात वर केलात. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली जातात आणि मागं मागं पाय टाकत पुन्हा वर येतात, गोल फिरतो तो रहाटाचा बैल, हे तुम्ही पहिल्या मिनिटात सांगितलंत. मग नाडा आणि सोंदूर. मोटेचं तोंड उचलतो तो जाड नाडा आणि मोटेची सोंड, म्हणजे पाणी सोडायची नळी, धरून ठेवतो तो बारीक सोंदूर. सोंदूर हातभर जरी लांब झाला तरी सोंड मोटेतल्या पाण्याच्या पातळीखाली लोंबते आणि विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यापर्यंत येईतो निम्मं पाणी विहिरीतच परत पडतं. बैलांना वजन ओढल्याचा शीण होतोच, पाटाला मात्र करंगळीएवढी धार. आमच्या कादंबरीतला दीर आठ दिवस नुसते बैल बदलून बघतो. आता त्याला सोंदूर आखडायला कोण सांगतं, हा प्रश्न आहे. कुणीच सांगत नाही.

पण आभार त्याचे नव्हेत. आभार पेनाचे.

प्रत्येक तिसरं तास रिकामं, हे ऐकल्यावर तुम्ही बॉलपेन मागितलंत. रिफिल काढलीत, मागचं टोपण काढलंत. तुळशीच्या कुंडीतली ओली माती नखावर घेऊन पेनाच्या टोकात दाबलीत आणि वरून बाजरीचे दाणे सोडलेत, एकेक, चिमटीतून. दाणे आत जात होते, दिसत होते. खाली एकही पडत नव्हता. "वरून बघ, भरलंय. पेरणाऱ्याला वाटतं, पडतंय." मग पेन तोंडाशी धरून तुम्ही फुंकर मारलीत. माती आणि बाजरी मिळून हस्तलिखिताच्या १४३व्या पानावर उडाली.

आमची चार महिन्यांची अडचण त्या फुंकरीत उडाली, आजी. आणि मग तुम्ही जे सांगितलंत ते शेतीच्या कुठल्या पुस्तकात आम्हांला सापडलं नव्हतं, म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवतो.

पाभरीला वर चाडं असतं, बी सोडायची वाटी. चाड्याला तीन भोकं, तिथून तीन नळ्या तीन फणांत, म्हणजे माती चिरणाऱ्या दातांत, उतरतात. पेरणारा चाड्यावर मूठ धरतो, बोटांच्या फटीतून धान्य सोडत चालतो. एका फणाचं भोक मातीनं बुजलं तर ती नळी तोंडापर्यंत भरते आणि तिच्या वाटणीचं बी उरलेल्या दोघींत वळतं. मूठ तेवढीच रिकामी होते, पिशवीतलं बी तेवढंच संपतं. संध्याकाळी घरी हिशेब लागतो. चूक कळते ती पाचव्या दिवशी, कोंब वर आल्यावर, तेव्हा ओल उडालेली असते.

आता नक्षा. प्रत्येक तिसरं तास रिकामं निघायला मधला फण बुजावा लागतो. पण बुजतो तो बहुतेक कडेचा, असं तुम्ही म्हणालात, आणि फरशीवर बोटानं तासं ओढून दाखवलीत. समजा उजवा फण बंद आहे. जाताना पहिलं-दुसरं तास भरतं, तिसरं रिकामं. बांधावर औत फिरलं की उजवी बाजू पालटते, म्हणून येताना चौथं रिकामं, पाचवं-सहावं भरलेलं. पुन्हा जाताना सातवं-आठवं भरलेलं, नववं रिकामं, येताना दहावं रिकामं. म्हणजे शेतात दोन तासं मोकळी आणि चार तासं भरलेली, पुन्हा दोन मोकळी, पुन्हा चार. आणि ती चार नेहमीपेक्षा दाट, कारण तिसऱ्याचं बी त्यांच्यातच पडलेलं. "भुतानं वेचलं आसतं तर उरलेलं दाट कसं झालं?" हा तुमचा प्रश्न आम्ही जसाच्या तसा कादंबरीत घेतला आहे. फक्त तो विचारणारं माणूस कादंबरीत नाही, म्हणून तो प्रश्न कुणाच्याच तोंडी नाही. नुसती दाट चार तासं वर्णनात आहेत. ज्याला वाचता येईल त्यानं वाचावीत.

फण बुजतो कशानं, हेही तुम्हीच सांगितलंत. बांधावर वळताना पाभर उचलायची असते. नवखा माणूस ती टेकलेली ठेवतो, बैल दोन पावलं मागं सरतात आणि फण उलटा मातीत रेटला जातो. झालं, भोक बंद. म्हणून जाणता पेरणारा दर वळणाला पाभर तिरपी करून फणाखाली बघतो, काडी घालतो. दुसरं कारण ओल. वाफसा येण्याआधी, म्हणजे माती पेरणीजोगी मोकळी होण्याआधी, पेरलं की माती लोण्यासारखी फणाला चिकटते. मूठभर माती दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. फुटली तर वाफसा आहे, गोळा तसाच राहिला तर औत घरी न्यायचं.

इथं आमची सगळी कादंबरी एकदम जागेवर बसली. ही माणसं भातवाली. त्यांचं सगळं शहाणपण चिखलातलं: चिखल जितका चांगला तितकी लावणी चांगली. वाफसा ही गोष्ट त्यांच्या हाताला माहीतच नाही. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी राब भाजला होता. शेण, त्यावर डहाळ्यांचा टहाळ, त्यावर सुक्या पानांचा पातेरा, वर मातीचा पातळ थर म्हणजे जाळ भडकत नाही, धुमसतो आणि जमीन खोलवर भाजते. इगतपुरीला हे बरोबर होतं, कारण तिथं नागलीची, भाताची रोपं त्या राबावर वाढवून मग लावायची असतात, तण मरतं, राखेचं खत मिळतं. सिन्नरच्या माळावर बाजरीची लावणी करायचीच नाही. म्हणजे वर्षाचं शेण त्यांनी जाळून धुरात घातलं, आणि गाव बांधावर उभं राहून बघत होतं.

मग १९१७चा पावसाळा. त्या वर्षी देशभर पाऊस उदंड झाला, हे आमच्या टिपणांत होतं, पण कथेला त्याचा उपयोग काय ते कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "पयल्या साली चुकलं ते पावसानं झाकलं." चिखलात पेरलं, फण बुजले, तासं मोकळी राहिली. पण सतत ओल असल्यामुळे बाजरीला फुटवे आले आणि ती मोकळी तासं दुरून भरल्यासारखी दिसायला लागली. कणसं आली. नवऱ्याला वाटलं, आपल्याला जमलं. १९१८ला एक सर पडून गेली, तीन-चार दिवसांचा वाफसा मिळाला, शेजाऱ्यानं रात्रीचा दिवस करून पेरून घेतलं, आणि हा चिखल व्हायची वाट बघत बसला. पुढं पाऊस आलाच नाही. त्याच वर्षाच्या शेवटी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ. त्याबद्दल इथं लिहीत नाही, कादंबरीत पुरेसं आहे.

आम्ही एक पान वाढवलं आहे. दारणेचं पाणी खाली सांगवीला गोदावरीत मिळतं, नांदूर मध्यमेश्वरला अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगावकडे जातं. ज्यांची खाचरं बुडाली त्यांच्या माळावर त्यातला थेंब येत नाही. सासू एकदा विचारते की आपलं पाणी आता कुणाच्या शेतात असेल. बस, तेवढंच.

आता शेजारी. पहिल्या खर्ड्यात तो पोकळ होता, मिशीवाला खलनायक. तुमच्या फरशीवरच्या रेघांनी तो बदलला. सहाव्या दिवशी तो बांधावर येतो, दोन मोकळी-चार दाट असा नक्षा बघतो आणि कडेचा फण बुजलाय हे त्याला चालता चालता कळतं. उरलेल्या चार एकरांची पेरणी अजून व्हायची आहे. एक शब्द बोलला तर ती वाचते. तो रामराम घालतो, पाऊसपाण्याचं बोलतो, तंबाखू देतो आणि निघून जातो. वाईट काहीच करत नाही. ते पान आम्ही एका मित्राला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, यापेक्षा भूत परवडलं असतं.

त्या शेजाऱ्यावर लिहिताना आम्हांला आमचे तिघे जाणकार आठवत होते, हे कबूल करतो. थोडा राग आहे, तो राहू द्या. पण ज्याला माहीत आहे त्यानं सांगणं यात केवढी सभ्यता असते, तेही याच वेळी लक्षात आलं. सांगणाऱ्याचं काही जात नाही म्हणावं, तर तसंही नाही. तुमची दुपारची झोप गेली, तुळशीची माती गेली, वाटीभर बाजरी गेली. शिवाय ओळख ना पाळख. नातवाच्या मित्राच्या ओळखीनं आलेली माणसं, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावरच्या शेताला बी पडत नाही म्हणून तुम्ही अस्वस्थ झालात. आमच्या आधी तुम्हांला त्या कुटुंबाची काळजी वाटली. नाशकात अशी किती म्हातारी माणसं फ्लॅटच्या गॅलरीत बसलेली असतील, ज्यांना चाड्यावर मूठ कशी धरायची ते माहीत आहे आणि कुणी विचारायला येत नाही.

नातवाला सांगा, इथून पुढचं दोनदा वाचायचं. एक शंका राहिली आहे.

कादंबरीतली सून पाभरीच्या मागं मोघा धरते, तुरीसाठी. मोघ्याला एकच नळी, आणि ती धरणारी वाकून चालते. तिची नजर सारा वेळ फणांच्या मागच्या मातीवर. मग उजव्या फणातून बी पडत नाही, हे तिला दिसलं असेल का? माती लगेच वर सरकते म्हणून दिसत नसेल, तर प्रकरण आहे तसं ठेवतो. पण दिसत असेल, तर शेजाऱ्याच्या आधी पाच दिवस तिला माहीत होतं. नवऱ्यानं तिच्या माहेरच्यांना नावं ठेवली होती त्याच सकाळची ही पेरणी. असं असेल तर नववं प्रकरण मुळापासून लिहावं लागेल.

रविवारी चारनंतर येतो. बाजरी आमची आम्ही आणू, पेनही.

तुमचे,
कादंबरीवर काम करणारे आम्ही तिघे
नाशिक